शिवेवर बसलेलं गाव

पौष लागला हे मला कुणी सांगावं लागत नाही. सकाळी धुकं खाली उतरतं, मनमाडकडच्या गाड्यांची शिट्टी शेजारच्या बांधावर वाजल्यासारखी जवळ ऐकू येते, आणि ज्वारीच्या कणसातला दाणा नखाने दाबला की बोटावर पांढरं दूध येतं. त्या दुधाला वास नसतो असं माझी नात म्हणते. ती कॉलेजला जाते, तिला पुष्कळ गोष्टी ठाऊक आहेत. पण वास असतो. ओल्या चाऱ्याचा असतो, थोडा तान्ह्या वासराच्या तोंडाचा असतो. डोळे अर्धे गेले माझे, पण नाकाने अजून हार खाल्लेली नाही.

आता आमच्याकडे ज्वारी राहिली आहे कुठे? जिकडे बघावं तिकडे कांदा, नाहीतर डाळिंब. मुलाने बांधाच्या कडेला चार ओळी टाकल्या आहेत, "बाबांच्या हौसेसाठी" म्हणतो. हौस म्हणे! माझ्या पुतण्याने मात्र यातून धंदा काढला. रस्त्यालगत फलक लावून तो हुरडा पार्टी करतो. नाशिकहून मोटारी भरून माणसं येतात, खुर्च्यांवर बसतात, ताटलीत हुरडा घेतात. परवा एक बाई चमच्याने खात होती. मी पाठ फिरवून बसलो. वाईट वाटलं असं नाही, बिचारी एवढ्या लांबून आली होती. पण हुरडा कसा खावा याची काही रीत आहे. आगटीत, म्हणजे खड्ड्यातल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, एकाने कणसं भाजायची. दुसऱ्याने ती भाजतात तशीच, चटके सोसत, तळहातावर चोळायची. तिसऱ्याने फुंकर मारून कोंडा उडवायचा. चौथा असेल तो नुसता हात पुढे करणारा, आणि त्यालाच सगळे शिव्या घालणार. एकट्याने खायची ही वस्तूच नाही. चार माणसं नसली तर ज्वारी वाळू द्यावी, भाकरी करावी.

आणि चार माणसं गावात उरली नव्हती, असा एक काळ मी पाहिला आहे.

आमचं रुईखेडे मुरमाड टेकाडावर बसलेलं. पूर्वेला वेस, वेशीत मारुती, मधल्या चौकात आड, त्याच्या भोवती माती-दगडाची, धाब्याची घरं. गावात रोगराई आली नाही, धरण आलं नाही, कुणी कुणाला हाकललं नाही. तरी गाव रिकामं झालं. झालं असं, की विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. वीज यायची तिच्या मर्जीने, अवेळी. मग माणूस म्हणाला, रोज टेकाडावरून उतरण्यापेक्षा मळ्यातच एक खोली बांधू. खोलीला पडवी आली, पडवीला चूल आली, चुलीमागे बायको आली. दोन शेरडं आली, तुळस आली. झालं, गेलं घर गावातून. असं एकेक करत सगळी मळ्यात पांगली. माणसं सुखात होती बरं का. मळे हिरवे होते, पोरं धष्टपुष्ट होती. फक्त गाव तेवढं गावात नव्हतं.

मी नाही गेलो. माझ्या मुलानेही मळ्यात घर बांधलं, बांधू दे. मी आणि आमची मंडळी चौकातल्या घरातच राहिलो. आमच्याशिवाय दोनतीन म्हाताऱ्या होत्या, मारुती होता आणि वटवाघळं होती. आमची मंडळी म्हणायची, "अहो, बोलायला कुणी नाय इथं, भिंतींशी बोलू का?" मी म्हणायचो, "भिंती बऱ्या, उलटून बोलत नायत." त्यावर ती जे बोलायची ते इथे लिहिण्याजोगं नाही.

तरी एक खरं सांगतो. संध्याकाळी वेशीतल्या दगडावर बसलं की गल्ल्या कानात वाजायच्या. आवाज नसण्याचाही एक आवाज असतो, कोरड्या आडात खडा टाकल्यासारखा. मी तो कुणाला सांगितला नाही. मी ग्रामपंचायतीचा मेंबर होतो. दुसरी शिकलेला माणूस मेंबर होतो ही काही साधी गोष्ट नव्हे, आणि मेंबराने रडगाणं गाऊ नये.

नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. बायकांना सरपंचपद राखीव झालं होतं आणि आमच्याकडे माझ्या थोरल्या भावाची बायको, अनुसया वहिनी, सरपंच झाल्या होत्या. लोकांना वाटलं, बाई सही करील आणि भाऊ कारभार करील. भाऊ आमचा देवमाणूस, त्याला स्वतःच्या बैलाला हाक मारायची चोरी. कारभार वहिनींनीच केला. डोक्यावर पदर, काखेत विळा, मळ्यातून तशाच पंचायतीत यायच्या आणि ग्रामसेवकाला म्हणायच्या, "भाऊसाहेब, वाचा मोठ्यानं. आणि मधलं गाळू नका, मला तुमच्या तोंडावरून कळतं."

हे भाऊसाहेब एका सकाळी सायकल ढकलत टेकाड चढून आले. तोंड उतरलेलं. वहिनी आणि मी पंचायतीच्या पायरीवर बसलो होतो.

"सरपंचबाई, वर एक विचार चाललाय," ते म्हणाले. "तुमच्या गावठाणात वस्ती नाही. वस्ती नाही तर वेगळी ग्रामपंचायत कशाला? सांगवीला जोडून टाकावी, असा."

"आणि रुईखेडे?" मी विचारलं.

"रुईखेड्याचं गावठाण मग बेचिराग म्हणून लागेल."

बेचिराग हा शब्द मला ठाऊक होता. ज्या गावात दिवा लावायला माणूस नाही ते बेचिराग. कुठे पटकीत, कुठे दुष्काळात उठलेली जुनी गावं असतात, नुसती नावाला. शीव असते, नाव असतं, माणूस नसतो. तिथल्या चिंचेखाली गुराखीसुद्धा बसत नाहीत. आमच्या गावाला तो शब्द लागणार म्हटल्यावर मला वडिलांना कुणी शिवी दिल्यासारखं झालं. मळ्या-मळ्यात एवढी जित्ती माणसं नांदत असताना!

"पाहणीला साहेब येणार आहेत," भाऊसाहेब म्हणाले. "याच महिन्यात. जे डोळ्यांनी दिसेल ते लिहितील."

वहिनी उठल्या. पदर खोचला. "मग दिसू दे," म्हणाल्या.

त्या मळ्यामळ्यांत फिरल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण एकदोन ठिकाणी ऐकलं त्यावरून विनंती नव्हती ती. "थोडे दिवस गावातल्या घरात राहायला या. दिवसा मळा करा, चूल गावात पेटवा. नाय आलात तर उद्या तुमच्या नातवाच्या लग्नपत्रिकेवर सांगवी छापा. छापा की, चांगलं दिसतं."

आणि काय सांगू, माणसं आली! नाखुशीने आली आधी. बैलगाड्यांतून पाट्या, हंडे, गोधड्या, कोंबड्यांचे डालगे घेऊन. कुलपं गंजली होती ती दगडाने फोडली. वटवाघळं भर दुपारी उडाली. बायकांनी पदर खोचून भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवला, आणि ओल्या मातीचा तो वास गल्लीगल्लीतून असा सुटला की मी वेशीवरून घरी जाताना मुद्दाम लांबच्या वाटेने गेलो. ज्यांची धाबी गळकी होती त्यांनी पत्रे टाकले. ज्यांनी दारं काढून मळ्यात नेली होती त्यांनी गोणपाटं लावली. संध्याकाळी धूर निघाला. पहिल्यांदा एका घरातून, मग शेजारच्या, मग चौकाच्या पलीकडून. धूर वर जायचा नाही, थंडीमुळे गल्लीतच रांगायचा. आमची मंडळी डोळे पुसत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "धूर गेला डोळ्यात." मी म्हणालो, माझ्याही गेला.

नाखुशी किती टिकते? आठवडाभरात रंग बदलला. मळ्यातली घरं एकमेकांपासून हाकेच्याही पलीकडे, इथे भिंतीला भिंत. एकीच्या फोडणीला दुसरी शिंकू लागली. म्हातारे माझ्याआधी येऊन वेशीतला दगड अडवू लागले, मला माझ्याच दगडावर जागा मिळेना. पोरांनी गल्ल्या पाहिल्याच नव्हत्या. लपायला एवढ्या जागा असतात हे त्यांना नवीनच होतं. दिवसा सगळी मळ्यात कांदे लावायला जायची आणि दिवेलागणीला ओळीने टेकाड चढायची. वरून बघितलं की मुंग्यांची रांग वारुळाकडे निघाल्यागत दिसायचं.

आणि मग ती पंचाईत झाली.

आमच्या गावात शिवेवरच्या जेवणाची रीत आहे. पौषाच्या पुनवेनंतरच्या मंगळवारी गाव रिकामं करायचं. माणूस, गुरं, कोंबड्या, आजारी असेल तर बाजेवर घालून, सगळ्यांनी सूर्य वर येण्याआधी वेशीबाहेर पडायचं. चुली विझवायच्या. दारं सताड उघडी ठेवायची. दिवसभर गावात देवी एकटी फिरते म्हणतात, घराघरात डोकावते. आपण शिवेवर, देवीच्या दगडापाशी, चूल मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, हुरडा भाजायचा. शीव दोन गावांची असते, म्हणून पलीकडच्या गावालाही बोलवायचं. सूर्य बुडाला की तिथलाच विस्तव घेऊन घरी यायचं. माणसं मळ्यात गेल्यापासून ही रीत बंद होती. रिकाम्या गावातून कोण काय रिकामं करणार? या वर्षी मी जाहीर केलं, शिवेवरचं जेवण होणार.

तर आदल्या शनिवारी भाऊसाहेब आले. "साहेब मंगळवारी येताहेत."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, जेवण बुधवारी करू."

"नाय."

"अहो, एक दिवस."

"वैनी, देवीचा वार पंचायत समिती ठरवणार काय?"

"मग भाऊसाहेब, साहेबांनाच बुधवारी या म्हणावं."

भाऊसाहेबांनी कानाला हात लावले. "माझी बदली करता काय बाई? त्यांचा दौरा ठरलाय."

वहिनी माझ्यावर उखडल्या. "एवढी माणसं मी मिनतवारीनं आणली. घरं सारवली. आणि ज्या दिवशी बघायला येणार त्याच दिवशी तुम्ही गावात कुत्रं ठेवणार नाय! तुमच्या हट्टापायी नाव जाईल गावाचं."

"गावाचं नाव राखायचं म्हणून गावाची रीत मोडायची? मग राखायचं काय?" मी म्हणालो. म्हाताऱ्या बाया माझ्या बाजूच्या झाल्या, आणि म्हाताऱ्या बायांपुढे सरपंचाचं काही चालत नाही. आज कुणी विचारलं तरी मी हेच सांगेन, माझं बरोबर होतं. पण त्या तीन रात्री झोप लागली असं मात्र म्हणणार नाही.

शेवटी तोड निघाली. माझा चुलतभाऊ निवृत्ती सांगवीच्या रस्त्यावर उभा राहणार, साहेब दिसले की त्यांना सरळ शिवेवर आणणार. निवृत्ती उभा राहिला. पटका बांधून, अगदी शिपायासारखा. साहेब मात्र दुसऱ्याच बाजूने आले. सांगवीत चहाला अडवतील आणि कान भरतील म्हणून ते मुद्दाम रुळाच्या कडेकडेने, मागच्या वाटेने स्कूटर घेऊन थेट गावात शिरले.

पुढचं त्यांनीच नंतर सांगितलं. वेशीत कुणी नाही. चौकात कुणी नाही. दारं सगळी उघडी. अंगणं सारवलेली, दोरीवर लुगडी वाळताहेत, जात्यापाशी पीठ सांडलेलं, आणि माणूस नाही. कोंबडी नाही. त्यांनी हाक मारली, तर त्यांचीच हाक आडातून परत आली. आणि मग एका घरातून पुरुषाचा आवाज ऐकू आला. हुश्श करून ते आत डोकावले, तर फडताळावर रेडिओ! वहिनी घाईत बंद करायला विसरल्या होत्या. "तो बाप्या कपाशीवरच्या अळीची माहिती देत होता," साहेब म्हणाले, "आणि ऐकायला मी एकटा. खरं सांगतो, मी मारुतीला हात जोडले आणि स्कूटर तिथेच टाकून निघालो."

निघाले ते धुराच्या दिशेने. आम्ही शिवेवर रंगात आलो होतो. आगट्या पेटलेल्या, लसणाची चटणी, गूळ, बोरं, भाकरीची चवड. सांगवीचे सरपंच सखाहरी पाहुणे म्हणून आले होते. आम्हाला जोडून घ्यायला तेच टपले होते, पण शिवेचं आमंत्रण नाकारता येत नाही, आणि हुरडा त्याहून नाही. तेवढ्यात ज्वारीच्या धाटांतून एक घामेजलेला, बुटात ढेकळं शिरलेला माणूस बाहेर आला.

"सरपंच कोण?" असा आवाज की बैलांनी कान टवकारले.

वहिनी पिठाच्या हातानेच उठल्या. "मी. या साहेब, बसा."

"बसतो कसला! बाई, तुमचं गाव रिकामं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. एक जीव नाही तिथे."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं ते मी पुढे भावाच्या सरणापाशीसुद्धा पाहिलं नाही. मी उठलो. गुडघे धरले होते, तरी एका दमात उठलो.

"साहेब," मी म्हणालो, "मी रुईखेड्याचा मेंबर. तुम्ही म्हणता ते खरं हाय. आज गाव रिकामं हाय, कारण आज ते रिकामं करायची रीत हाय. आता मला एक सांगा. ओसाड गाव कुणी रिकामं करतं का? बाहेर पडायला आधी आत राहावं लागतं ना?"

ते बघत राहिले. माझ्याकडे, मग आगट्यांकडे, मग बाजेवर बसून बोरं चोखणाऱ्या आमच्या शंभरीच्या म्हातारीकडे. मग कोंबड्यांच्या डालग्यांकडे.

"कोंबड्यासुद्धा आणल्यात?"

"मागं ठेवली तर देवी ती आपलीच मोजते," म्हातारी म्हणाली.

साहेबांच्या मिशा हलल्या. "हे मी लिहू कसं?"

"आधी जेवा," वहिनी म्हणाल्या. "उपाशीपोटी लिहिलेलं चांगलं नसतं."

ते जेवले. बूट काढून, मांडी घालून. चटके सोसत स्वतः कणसं चोळली, कोंड्याने मिशा भरल्या. दुसऱ्या आगटीपाशी सरकताना म्हणाले, "एवढी माणसं आम्ही बोलावलेल्या ग्रामसभेला येत नाहीत कुठेच." वहिनींनी ते हवेतच पकडलं. "मग घ्या की ग्रामसभा. सरपंच मी हाय, भाऊसाहेब हायत, गाव हाय. चौकातच बसलं पाहिजे असं काय?" आणि पदराला हात पुसून त्यांनी तिथेच विचारलं, गावाने आपली पंचायत वेगळी ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

हात वर झाले. ते हात मी विसरणार नाही. राखेने काळे, कणसांच्या चिकाने हिरवे, बायकांचे बांगड्यांसकट, म्हाताऱ्यांचे थरथरते. उन्हात सगळे तळवे असे दिसत होते जणू शेतच उगवून आलंय. आणि मधोमध, सगळ्यात उंच, एक हात सखाहरींचा.

"अहो सरपंच," साहेब ओरडले, "तुम्ही सांगवीचे! तुम्ही कशाला हात वर करता?"

"भाजला साहेब," सखाहरी तळव्यावर फुंकर मारत म्हणाले. सगळी शीव हसली. हसू ओसरलं तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. म्हणाले, "राहू द्या यांचं यांना. हे सांगवीत आले तर शिवेवर आम्हाला बोलवील कोण?"

सूर्य बुडाल्यावर साहेबही आमच्याबरोबर वेशीतून आत आले, स्कूटर तिथेच होती ना! घराघरात विस्तव गेला, दिवे लागले. ते वेशीत उभं राहून बघत होते. जाताना मला म्हणाले, "मेंबर, मी जे पाहिलं ते लिहीन." बस, एवढंच. आमची पंचायत आजही आमची आहे.

पण मला दुसरीच भीती होती. साहेब आले, बघून गेले. आता माणसांना गावात राहायचं कारण उरलं नव्हतं. विजेच्या मोटारी मळ्यात, गोठे मळ्यात. त्या रात्री मी पडून ऐकत होतो. सकाळी बैलगाड्या जुंपतील, हंडे वाजतील, गोधड्या बांधल्या जातील. पहाटे आवाज आलाच. मी धोतर सावरत बाहेर पडलो. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण आडापाशी दोन बायका एकमेकींचं कूळ काढत होत्या. कुणाची घागर आधी, कुणी कुणाचा दोर ओढला, कुणाच्या सासूने पूर्वी काय केलं होतं. तिसरी येऊन भर घालत होती. पुरुष दारात उभे राहून दात घासत मजा बघत होते. एकही गाडी जुंपलेली नव्हती.

वहिनी खांद्यावर पदर ओढत धावत आल्या. "भाऊजी, नुसते हसत काय उभे राहिलात? मेंबर ना तुम्ही? सोडवा की!"

मी आडाच्या कठड्यावर बसलो. "भांडू द्या वैनी," म्हणालो. "लय वर्षांनी ऐकतोय."